चिवड्याचं खोकं: पोस्ट, कुरियर की भिवंडीचं गोदाम?

घरगुती मसाले आणि फराळ विकायला सुरुवात करणाऱ्यांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: "सगळ्यात स्वस्त कोण पाठवतं?" मी उलट विचारते, खोकं मोजलंय का?

कुरियरचं बिल वजनावर येतं, पण कोणत्या वजनावर ते बघा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. आलेला आकडा काट्यापेक्षा मोठा निघाला तर बिल त्यावर. पातळ पोह्यांचा चिवडा ८०० ग्रॅम, खोकं ३० × २० × १५. हिशोब येतो १.८ किलो, आणि अर्ध्या किलोच्या टप्प्यांमुळे पैसे जातात दोन किलोचे. म्हणजे चिवड्यापेक्षा हवेचंच भाडं जास्त! कांदा-लसूण मसाल्याला ही अडचण नाही, तो गच्च बसतो. म्हणून या दोन वस्तूंना एकच वाट शोधू नका.

स्पीड पोस्ट १९८६ पासून चालू आहे, आणि २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही त्यातच विलीन झालंय. कुरियरवाले "त्या पिनकोडला सेवा नाही" म्हणतात, तिथेही पोस्टमन पोचतो. आडगावच्या गिऱ्हाइकांसाठी मी दुसरं काही बघतच नाही. त्रास एवढाच, की किरकोळ पार्सलं असली तर खिडकीवर आपणच उभं राहायचं, आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात ती रांग सोसवत नाही. पैसे पार्सल हाती देताना घ्यायचे असतील तर पोस्टाची व्हीपी (व्हॅल्यू पेएबल) सेवा आहेच.

शिपरॉकेटसारख्या मंचावरून कुरियर केलं तर माणूस घरी येऊन पार्सल नेतो, आणि पिनकोड टाकला की चार-पाच कंपन्यांचे दर समोर दिसतात. सोय मोठी. पण दरपत्रकात ठळक दिसत नाही तो खर्च परतीचा. गेल्या दिवाळीत चंद्रपूरच्या एका ताईंना पाठवलेलं पार्सल 'ग्राहक घरी नव्हते' असा तीनदा शेरा मारून परत आलं. ताई तिन्ही दिवस घरातच होत्या. खोकं उघडलं तर लाडवांचा भुगा, चिवडा मऊ, आणि बिलात जाण्याचेही पैसे, येण्याचेही. तेव्हापासून कॅश ऑन डिलिव्हरीची प्रत्येक ऑर्डर मी आधी फोन करून पक्की करते. काट्यावर ठेवलेल्या, टेप लावलेल्या खोक्याचा फोटोही काढून ठेवते. कुरियर कंपनीने आपल्या हबवर, म्हणजे पार्सलं गोळा होतात त्या केंद्रावर, वजन जास्त दाखवलं की भांडायला तोच कामी येतो.

तिसरी वाट म्हणजे ॲमेझॉन-फ्लिपकार्टच्या भिवंडीसारख्या ठिकाणच्या गोदामात माल आधीच ठेवणं. पॅकिंग आणि घरपोच देणं ते बघतात, शहरात माल झटपट पोचतो. बदल्यात कमिशन, साठवणूक, हाताळणी असं सगळं कापलं जातं. फराळाला मला ही वाट पटत नाही. ग्राहकाच्या हाती पडताना मालाची ३० टक्के किंवा ४५ दिवस मुदत शिल्लक असावी, असं एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) २०२४ मध्ये ऑनलाइन कंपन्यांना सांगितलंय. दोन महिने टिकणारा चिवडा फळीवर पडून राहिला तर संपलंच. वर्षभर खपणारा मसाला असेल तर जरूर विचार करा.

जीएसटीचंही बघा. वर्षाला ४० लाखांच्या आत उलाढाल आणि विक्री फक्त राज्यात, तर ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीशिवायही अशा पोर्टलवर विकता येतं. राज्याबाहेर माल पाठवायचा, मग तो कसाही पाठवा, तर नोंदणी लागतेच.

माझं सध्याचं गणित: मसाला खेड्यात पोस्टाने, शहरात आगाऊ पैसे आलेल्या ऑर्डरी कुरियरने. पुण्याचा चिवडा मात्र कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीने जातो. सकाळी गिऱ्हाइकाचा भाचा स्वारगेटवरून घेऊन जातो. घरपोच नाही, पण कुरकुरीत पोचतो.