हाताने फिरवायचा आइस्क्रीम पॉट : एका उन्हाळ्याचा अनुभव
लाकडी बादली, तिच्या मधोमध धातूचा डबा आणि वर फिरवायचा दांडा असा हा पॉट आम्ही यंदाच्या उन्हाळ्यात घेतला. जाडे मीठ मिसळलेला बर्फ शून्य अंशांच्या खालीही वितळत राहतो आणि वितळण्यासाठी दर ग्रॅमला लागणारी सुमारे ८० कॅलरी उष्णता डब्यातल्या आटीव दुधातून व आमरसातून खेचून घेतो. म्हणूनच नुसत्या बर्फात जे गोड मिश्रण केवळ गार झाले असते, ते येथे खरोखर गोठते. फिरणारी लाकडी पाती कडेला धरलेला थर सतत खरवडत असल्याने बर्फाचे कण बारीक राहतात, आणि फ्रीजमध्ये लावलेल्या आइस्क्रीमला न येणारा मऊपणा येतो, जो मला फार मोलाचा वाटतो. अर्ध्या तासाने दांडा जड झाला की आइस्क्रीम तयार झाले असे समजावे.

झाकण मात्र सैल आहे. पहिल्याच खेपेला खारे पाणी आत शिरून सगळे दूध वाया गेले. बादलीचे पाणी सोडायचे भोक झाकणाच्या पातळीखाली आहे, याची खात्री करूनच पॉट विकत घ्यावा.