प्लॉट व्हिक्टोरियात घ्यावा की न्यू साउथ वेल्समध्ये? अ‍ॅबोरिजिनल वारशाच्या कायद्याच्या नजरेतून

ऑस्ट्रेलियात मेलबर्न (व्हिक्टोरिया) की सिडनी (न्यू साउथ वेल्स) हे ठरवताना आपले लोक भाव, ट्रेन आणि शाळा बघतात. जमिनीखाली अ‍ॅबोरिजिनल लोकांची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, दगडी हत्यारं, जुन्या चुली किंवा दफनं निघू शकतात, हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

अशा स्थळांच्या सरकारी नोंदवहीत काही नाही म्हणजे जागा मोकळी, असं दोन्ही राज्यांत नाही. नोंद नसलेल्या स्थळालाही संरक्षण आहे. फरक पडतो तो हे तुम्हाला केव्हा कळतं आणि निर्णय कोण घेतं, यात.

व्हिक्टोरियात 2006 चा स्वतंत्र कायदा आहे. नोंदवही सर्वांना खुली नाही, आणि ते योग्यच. दफनांचे पत्ते कोण चव्हाट्यावर मांडेल? पण 'संवेदनशील' भागांचा नकाशा कुणालाही बघता येतो. नाव असलेल्या नदी-ओढ्यापासून 200 मीटर आणि नोंदलेल्या स्थळापासून 50 मीटरचा पट्टा साधारणपणे त्यात येतो. अशा जागी एक-दोन घरं बांधायला वारसा आराखडा (जमिनीतला वारसा तपासून तो कसा सांभाळायचा हे सांगणारा दस्तऐवज) सक्तीचा नाही. तीन घरं म्हटली की सहसा लागतो. जमीन आधीच पूर्ण उकरली गेल्याचं सिद्ध झालं, किंवा प्लॉट 0.11 हेक्टरपेक्षा लहान आणि समुद्र वा मरे नदीपासून 200 मीटरच्या बाहेर असला, तर सुटका. लागू असेल तिथे आराखडा मंजूर झाल्याशिवाय स्थानिक कौन्सिल प्लॅनिंग परमिट देऊ शकत नाही. खर्च तुमचा. मंजुरी मात्र त्या भूमीच्या मूळ लोकांची नोंदणीकृत संस्था देते: मेलबर्नच्या आसपास वुरुंजेरी, बुनुरोंग, वाडावुरुंग.

न्यू साउथ वेल्समध्ये हा विषय 1974 च्या राष्ट्रीय उद्यानं व वन्यजीव कायद्यात कोंबलेला आहे. माणसांचा वारसा प्राण्यांच्या कायद्यात, हे मला अजूनही खटकतं. इथे नोंदवहीत प्राथमिक शोध मोफत घेता येतो, आणि उत्तर 'शून्य' आलं की लोक निर्धास्त होतात. ते शून्य फक्त नोंदलेल्या स्थळांचं असतं. 2010 ची खबरदारीची नियमावली पाळून त्याचे कागद जपले, तर नकळत झालेल्या नुकसानीबद्दल कोर्टात बचाव करता येतो. स्थळ सापडलं आणि त्याला धक्का लागणारच असेल, तर हेरिटेज एनएसडब्ल्यू या राज्याच्या वारसा खात्याचा परवाना हवा. अ‍ॅबोरिजिनल प्रतिनिधींशी सल्लामसलत होते, पण शेवटचा शब्द सरकारचा.

तो शब्द किती महाग पडू शकतो, हे वेस्टर्न ऑस्ट्रेलियात दिसलं. मंत्र्यांनी 2013 मध्ये दिलेल्या परवानगीच्या बळावर रिओ टिंटो या खाणकंपनीने मे 2020 मध्ये जुकन गॉर्ज या घळीतल्या गुहा उडवल्या. 46,000 वर्षांपूर्वीच्या मानवी वावराचे पुरावे असलेल्या गुहा, आणि सगळं कायदेशीर.

तीन टाउनहाऊस बांधायची असतील तर मी व्हिक्टोरिया निवडेन. पैसा आणि वेळ आधी जातो, पण खोदताना काही निघालं तर पुढे काय करायचं, हेही मंजूर आराखड्यातच लिहिलेलं असतं. न्यू साउथ वेल्समध्ये सुरुवात स्वस्त, जोखीम तुमच्या गळ्यात. तयार वसाहतीत एकच घर बांधायचं असेल तर फारसा फरक नाही. ओढ्याकाठचा न उकरलेला मोठा तुकडा मात्र कुठल्याही राज्यात असो, सही करण्याआधी वारसा सल्लागाराला दाखवा.