मेलेला नायक खेळायचा तर: 'लिब्रिस मॉर्टिस' की 'बुक ऑफ द डेड'?

टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळात स्वतःच व्हॅम्पायर किंवा घूल (प्रेतं खाणारं भूत) होऊन खेळायची हौस असेल, तर ही दोन नियमपुस्तकं समोर येतात. पहिलं डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या ३.५ आवृत्तीचं, २००४ सालचं. दुसरं पाथफाइंडर या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचं, २०२२ मधलं.

'लिब्रिस मॉर्टिस' मेलेल्याला खरोखर मेलेला ठेवतं. विष नाही, झोप नाही, मनावरची जादू चालत नाही. पण त्याची किंमत जबर. ३.५ च्या मूळ नियमांत व्हॅम्पायर होणं म्हणजे आठ लेव्हलचा, म्हणजे ताकदीच्या आठ पायऱ्यांचा भुर्दंड: पाचव्या लेव्हलचा योद्धा तेराव्याच्या पंगतीत बसतो आणि तिथल्या राक्षसाच्या दोन फटक्यांत आडवा होतो. पुस्तकातले राक्षस-क्लास (लेव्हलगणिक थोडं थोडं राक्षस होण्याची सोय) हा बोजा हप्त्याहप्त्याने फेडायला लावतात, एवढाच दिलासा. भुकेचे नियम मात्र झकास. रक्ताची किंवा मांसाची ओढ आवरता आली नाही की नायकाचा ताबा सुटतो, आणि खरी काळी फँटसी तिथेच सुरू होते.

'बुक ऑफ द डेड' समतोलाचं भक्त. आर्किटाइप (नायकावर चढवायचा जादा साचा) घ्या, फीट (लेव्हल वाढताना निवडायची खास कसबं) खर्च करा, व्हा मृत. बाकी खेळाडूंची कुरकुर नाही. पण विषरोधाच्या जागी बारीकसा बोनस मिळतो. सांगाड्यालाही विष बाधतं, हे काही पचत नाही. गेब या भूतराजाच्या तोंडची तुसडी टिपणं मात्र मजा आणतात.

दर आठवड्याला चालणाऱ्या लांब मोहिमेला मी दुसरंच घेईन. भुकेचे नियम तेवढे पहिल्यातून उचलेन.