मेनूकॉन्फिग वापरून बघितलं, माझा अनुभव

लिनक्स कर्नल (म्हणजे लिनक्सचा गाभा) स्वतः बिल्ड करायचं खूळ डोक्यात होतं, शेवटी शनिवारी बसलोच. मेक मेनूकॉन्फिग ही कमांड मारली की कर्नलमधे काय घ्यायचं ते निवडायला टर्मिनलमधेच निळी स्क्रीन येते, दिसायला अगदी जुनाट पण कामाला एकदम झकास, माऊस लागतच नाही. वाय दाबलं की ड्रायव्हर कर्नलमधेच जातो, एम म्हणजे मॉड्यूल (लागेल तेव्हा लोड होणारा वेगळा तुकडा), एन म्हणजे त्याला सुट्टी. ऑप्शन मात्र हजारोंनी आहेत राव, एकेक वाचत बसलात तर म्हातारे व्हाल! स्लॅश दाबून सर्च करा, रिझल्टसमोरचा आकडा दाबला की डायरेक्ट तिथेच नेतो, हे फीचर मला जाम आवडलं.

खरा वेळ वाचवतो तो मेकचाच दुसरा पर्याय, लोकलमॉडकॉन्फिग. आत्ता लोड असलेले मॉड्यूल बघून बाकीचे उडवतो, त्यामुळे माझ्या जुन्या लॅपटॉपवर बिल्डला निम्म्याहून कमी वेळ लागला. पण एक लोचा आहे, त्यावेळी पेनड्राइव्ह लावलेला नव्हता म्हणून युएसबी स्टोरेजचा ड्रायव्हरच गेला, नंतर पेनड्राइव्ह लावतोय तर ढिम्म 😅 म्हणून सगळं आधी जोडून ठेवा.

दुसरा शहाणपणा मी केला तो म्हणजे एक्स्ट४ ला (माझ्या डिस्कच्या फाइल सिस्टीमला) एम दिलं आणि इनिट्रॅमएफएस (बूट होताना असे मॉड्यूल पुरवणारी छोटी इमेज) बनवलंच नाही, मग काय, रूट म्हणजे मुख्य पार्टिशन माउंट होईना, थेट कर्नल पॅनिक, सगळं ठप्प. ग्रबमधे (बूटच्या मेनूत) जुना कर्नल ठेवला होता म्हणून वाचलो.

हेल्पमधे बऱ्याच ठिकाणी 'कळत नसेल तर एन म्हणा' असं सरळ लिहिलंय, ते ऐका. पाचपैकी चार स्टार, एक कापला तो डोळ्यांना झालेल्या त्रासासाठी.