धिंगरीच्या काडाचे निर्जंतुकीकरण: गरम पाणी की रसायन?

धिंगरी अळिंबीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) पिशवीत पांढऱ्या तंतूंच्या जागी गडद हिरवे डाग पसरू लागले, तर ती बहुधा ट्रायकोडर्मा, म्हणजेच हिरवी बुरशी असते, आणि तिचे मूळ बहुतेक वेळा काडाच्या, म्हणजे अळिंबी वाढवण्यासाठी पिशवीत भरलेल्या पेंढ्याच्या, अपुऱ्या निर्जंतुकीकरणात सापडते.

पहिल्या पद्धतीत भिजवलेले काड पोत्यात भरून सुमारे ८० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवतात. यात रसायनाचा अंश उरत नाही. मात्र इंधन बरेच लागते, आणि पोत्याच्या मधोमध उष्णता पोहोचली नाही तर नेमकी तिथूनच बुरशी उठते.

दुसऱ्या पद्धतीत १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) आणि १२५ मिली फॉर्मेलिन (जंतुनाशक द्रव) मिसळून त्यात काड १६ ते १८ तास झाकून ठेवतात. इंधन वाचते व एका वेळी पुष्कळ काड तयार होते, पण फॉर्मेलिनची वाफ डोळ्यांना व घशाला झोंबते, म्हणून हे काम हातमोजे घालून उघड्यावरच करावे. उरलेले द्रावण विहिरीजवळ किंवा ओढ्यात मुळीच ओतू नये.

घरच्या घरी थोड्या पिशव्या भरणाऱ्याने, माझ्या मते, गरम पाणीच निवडावे. पद्धत कोणतीही असो, काड मुठीत घट्ट दाबल्यावर तळवा ओलसर व्हावा पण थेंब गळू नये, इतके निथळल्यावरच बियाणे भरावे. तरीही डाग दिसलाच, तर ती पिशवी न उघडता तत्काळ खोलीबाहेर न्यावी.