‘प्रेमाच्या हार्मोन’चे थेंब आणि माझे साडेसात हजार

मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं की घशाला कोरड पडायची. दुपारी चौघांत बसायला नको म्हणून डबा घेऊन जिन्यात जायचो. अशात मोबाइलवर जाहिरात आली: ऑक्सिटोसिनचे थेंब, जिभेखाली ठेवा, भीती जाते. आई बाळाला पाजते तेव्हा तिच्या शरीरात स्रवतं तेच हे हार्मोन, असं खाली लिहिलेलं. ते खरंच आहे, म्हणून तर मी फसलो.

तीन महिन्यांचा कोर्स, ७,५०० रुपये, पैसे आधी. पहिल्याच आठवड्यात मीटिंगमध्ये चार वाक्यं बोललो आणि वाटलं, गुण आला. मग पुन्हा तेच. फोनवरच्या ‘तज्ज्ञ’ बाई म्हणाल्या, डोस दुप्पट करा. केला.

दिवाळीला सांगलीला गेलो, तेव्हा ताईनं बाटली पाहिली. ती प्रसूती विभागात नर्स आहे. कळा वाढवायला, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आवरायला हेच औषध तिच्या हाताखालून जातं. “अरे, आम्ही हे इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवतो,” ती म्हणाली. “सलाईनमधून मोजून देतो, आणि सलाईन थांबवलं की थोड्या वेळात असर उतरतो. तुझी बाटली तीन महिने बॅगेत?” ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी. जिभेखालून लाळेबरोबर गिळलं गेलं की डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जातं. शिवाय चिठ्ठीशिवाय ते विकायला परवानगीच नाही. म्हणजे उघड विकणाऱ्याच्या बाटलीत एक तर ते नाही, नाहीतर ती विक्रीच बेकायदा. मी लेबल तेव्हा कुठे नीट वाचलं. बारीक अक्षरांत नुसतं ‘विशेष मिश्रण’, प्रमाण कुठंच नाही.

नाकात मारायचा फवारा तरी चालतो का, हेही शोधलं. अमेरिकेत स्वमग्न मुलांवर मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २०२१ मध्ये आले: लोकांत मिसळण्याच्या बाबतीत औषध नसलेल्या फवाऱ्याहून काही फरक नाही.

‘उघडलेला माल परत घेत नाही’ म्हणून पैसे बुडाले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पण जास्त लागतं ते हे, की ‘कोर्स पुरा होऊ दे’ म्हणत मी डॉक्टरांकडं जाणं लांबवलं. आता मानसोपचारतज्ज्ञांकडं जातो. त्यांनी या आठवड्याला दिलेला अभ्यास आहे, डबा जिन्यात न खाता टेबलावर खायचा. दोनदा जमलंय. कुणाला सुरुवात कुठून करावी कळत नसेल, तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.