पाच मीटरवर ‘झिरो’ करून दिलेली दुर्बीण

नाशकातल्या एका दुकानात स्प्रिंगच्या छर्ऱ्याच्या बंदुकीवर ३-९×४० दुर्बीण (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४० मिलिमीटरची) बसवून दिली, ‘झिरो करायचे’, म्हणजे ठरावीक अंतरावर नेम आणि छर्रा एकाच जागी आणायचे, ५०० रुपये वेगळे. काउंटरपासून जेमतेम पाच मीटरवर थर्माकोल, त्यावर पेनाचा ठिपका, तीन छर्रे जवळजवळ एकाच भोकात. मळ्यावर २० मीटरवर डबा ठेवला, तर छर्रे नेमाच्या सहासात सेंटीमीटर वर.

बंदूक तीच, छर्रे तेच. दुर्बिणीचा मध्य नळीच्या मध्यापासून साधारण ४ सेंटीमीटर वर असतो. पाच मीटरवर नेम आणि छर्रा जुळवायचा, तर नळीचं तोंड बरंच वर राहतं आणि छर्रा पुढे चढतच जातो. सेकंदाला १८० मीटरच्या आसपास वेग असलेल्या बंदुकीला २० मीटरचा झिरो हवा असेल, तर पाच मीटरवर छर्रा ठिपक्याच्या सुमारे दोन सेंटीमीटर खाली लागायला हवा. दहा मीटरवर तो जवळपास ठिपक्यावरच येतो. म्हणून दुकानात दहा मीटर जागा नसेल, तर झिरोचे पैसे देऊच नयेत.

खरी लबाडी दुर्बिणीत होती. तिचा पॅरॅलॅक्स १०० यार्डांना (सुमारे ९१ मीटर) पक्का केलेला, म्हणजे चित्र आणि क्रॉसहेअर (नेमाची फुली) त्याच अंतरावर नीट जुळतात. दहा मीटरवर नऊ पट केलं की चित्र धूसर, आणि डोळा जरा हलला की क्रॉसहेअर ठिपक्यावरून सरकते. पुढची काच फिरवून दहा यार्डांपर्यंत जुळणारी दुर्बीण मागायची. त्यातही स्प्रिंगचा पिस्टन पुढे आदळून उलटा झटका देतो. तो झटका सोसण्यासाठी न बनवलेल्या दुर्बिणीतली क्रॉसहेअर काही दिवसांत ढिली पडते. माउंट (दुर्बीण बंदुकीला धरणारी पकड) बंदुकीच्या खाचेच्या मापाचा आणि अडवणाऱ्या पिनेचा हवा, नाहीतर तो मागे सरकत राहतो.

तपासणी सोपी आहे. पाव मिनिटाच्या (कोनाचं मिनिट, अंशाचा साठावा भाग) नॉबची एक क्लिक दहा मीटरवर ०.७ मिलिमीटर. आधी तीन छर्रे, मग वीस क्लिक उजवीकडे, वीस वर, वीस डावीकडे, वीस खाली, नेम त्याच ठिपक्यावर, प्रत्येक वेळी तीन छर्रे: चौकोनाची बाजू साधारण १४-१५ मिलिमीटर, शेवटचे छर्रे पहिल्यांवर. आमच्याकडे आलेल्या दुर्बिणीचा चौकोन बंदच झाला नाही. (मागे मातीची गोणी ठेवा, डोळ्यांवर चष्मा. भिंतीवरून छर्रा उलटतो.)

मुलाला दहा मीटरच्या स्पर्धेसाठी म्हणून दुर्बीण खपवतात, तेही पाहिलं. त्या स्पर्धेत भिंगाची दुर्बीण चालतच नाही, डायऑप्टर (बारीक भोकातून नेम धरायचं साधन) वापरतात.

बिलावर ‘झिरो २० मीटर’ आणि दुर्बिणीचं मॉडेल लिहून घ्या. ते असलं की ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे बोलायला काहीतरी हातात राहतं.